धोंड्याचं वर्ष

खाडीच्या मुखाशी वसलेल्या एका गावात आवडी नावाची एक बाई राहत होती. तिचा नवरा राघो तांडेल गावची तर चालवायचा. म्हणजे या काठाची माणसं त्या काठाला आणि त्या काठाची या काठाला, असं दिवसभर नावेतून पोचवायचा. गावात नाव एकच होती आणि पूल नव्हता. नाव चुकली तर खाडीला वळसा घालून चार कोस चालावं लागे. त्यामुळे गावातली भांडकुदळ माणसंसुद्धा राघोशी गोड बोलत.

राघोचा एक जिवलग होता, उस्मान नाखवा. तो बाहेरच्या समुद्रात मासे मारायला जायचा. तांडेलवाडी आणि नाखव्यांचा मोहल्ला यांच्यामध्ये एक विहीर होती, तेवढंच काय ते अंतर. संध्याकाळी काम संपलं की दोघं धक्क्यावर येऊन बसत. बोलत फारसं काही नसत. "दोन बगळे बसल्यावानी बसतात, मासा दिसला तरी उठायचे न्हाईत," असं आवडी म्हणायची. पण एखाद्या संध्याकाळी दोघांतला एक आला नाही, तर दुसऱ्याच्या घशाखाली घास उतरत नसे, हेही तिला ठाऊक होतं.

त्या नावेची एक हकीकत होती. ती दोघांच्या बापांनी मिळून बांधली होती. लाकूड तांडेलांचं, मजुरी नाखव्यांची. पण एका नावेवर दोन घरं कशी जगणार? म्हाताऱ्यांनी तोड काढली. पाळी लावायची. एक पिढी नाव तांडेलांकडे, एक पिढी नाखव्यांकडे. आता पिढी म्हणजे किती वर्षं? राघोचा बाप म्हणाला, "तेहतीस. आमचे देव तेहतीस कोटी." उस्मानचा बाप एकदम हरखला. त्यानं खिशातून जपमाळ काढून दाखवली. "माज्या तसबीहचे मणी बी तेहतीस!" दोघांनाही वाटलं, हा आकडा वरूनच आला. त्यांनी एकमेकांना मिठी मारली.

चिठ्ठी टाकली. पहिली पाळी तांडेलांची निघाली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी खाडीवर चैत्राची कोवळी चंद्रकोर दिसली, तेव्हा नाव पाण्यात उतरवली. नावेच्या पुढच्या फळीवर राघोच्या बापानं 'शके १८००' असं कोरून घेतलं. मागच्या फळीवर उस्मानच्या बापानं 'हिजरी १२९५' कोरून घेतलं. सुतार हसून म्हणाला, "पुढं एक साल, मागं दुसरं. ही नाव जायाची तरी कुठल्या सालात?" सगळे पोट धरून हसले. तेहतीस हा आकडा ठरला होता. वर्ष कुणाचं धरायचं, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. वर्ष म्हणजे वर्ष, त्यात विचारायचं काय?

त्याच साली आवडी राघोची बायको होऊन त्या गावात आली. तिचं माहेर पलीकडच्या काठावर. नव्या नावेतून पार झालेली पहिली वरात तिचीच. त्याच साली पावसाळ्याआधी उस्मानचंही लग्न झालं आणि हलीमा मोहल्ल्यात आली. दोघी नव्या नवऱ्या एकाच विहिरीवर पाणी भरायला लागल्या. राघो आणि उस्मान न बोलता मित्र होते, तर या दोघी अखंड बोलून मैत्रिणी झाल्या.

आपल्या पंचांगात साधारण दर तिसऱ्या वर्षी एक महिना जास्तीचा येतो. त्याला अधिक महिना म्हणतात, घरोघरी धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाचा मोठा थाट. त्याला तेहतीस अनारसे द्यायचे, आणि वर एक पेटतं निरांजन. आवडीच्या माहेरची माणसं गरीब होती पण मनानं श्रीमंत. एकही धोंडा त्यांनी चुकवला नाही. पलीकडच्या काठावरून ताट यायचं, आणि गंमत अशी की ते ताट राघोच आपल्या नावेतून आणायचा. स्वतःचा मान स्वतःच वल्हवत आणणारा जावई सगळ्या कोकणात तेवढा एकच असेल.

ताट घरी आलं की राघो तीस अनारसे आपल्याकडे ठेवायचा आणि वरचे तीन फडक्यात बांधून धक्क्यावर न्यायचा. "तीस माजे, तीन तुजे," असं म्हणून उस्मानच्या हातावर ठेवायचा. उस्मान म्हणायचा, "जावई तू, आनि तोंड माजं गोड." आवडी निरांजन घासूनपुसून फळीवर ठेवायची. फळीवरची रांग वाढत गेली. आवडीचे केस पांढरे होत गेले. दोन्ही म्हातारे निघून गेले. राघोनं तीन मुलींची लग्नं केली. तिघीही पलीकडे दिल्या आणि तिघींना स्वतः वल्हवत पार केलं. लेकीला पार करताना तो रडायचा, पण पाठीमागं बसून वल्हवत असल्यामुळे ते कुणाला दिसायचं नाही. आवडीला दिसायचं.

आता धाकटी शेवंती उरली होती. तिचं लग्न वैशाखात ठरलं. राघोच्या हिशेबानं पुढच्या पाडव्याला नावेची पाळी संपत होती. म्हणून त्यानं यंदाच घाई केली होती. "शेवटची लेक माज्याच हातानं पार होऊ दे. मग नाव उस्मानची, आनि मी मोकळा," असं तो आवडीला पुनःपुन्हा सांगायचा.

पाडवा झाला. दुसऱ्या दिवशी आभाळात चंद्रकोर दिसली. तिसऱ्या दिवशी सकाळी उस्मान पांढरेशुभ्र कपडे घालून, हातात खजुराचा पुडा घेऊन दारात उभा राहिला. तोंडभर हसत होता.

"राघो, तेहतीस झाली रे! अल्लाच्या कृपेनं दोघं जित्ते हाओत. आजपास्नं नाव माजी."

राघो दात घासत होता. त्यानं चूळ भरली. "सकाळी सकाळी थट्टा नको. बत्तीस झाली. एक बाकी हाय."

"बाकी कसली? मागच्या फळीवर बाराशे पंच्याण्णव लिवलंय. आता तेराशे अठ्ठावीस चाललंय. कर वजा."

"पुढच्या फळीवर अठराशे लिवलंय. परवा अठराशे बत्तीस लागलं. तू कर वजा."

दोघांनी बोटांवर वजाबाकी केली. दोघांची वजाबाकी बरोबर होती. पंचाईत तीच होती.

उस्मानचं हसू मावळलं. त्याचा उजवा खांदा दोन वर्षांपासून दुखत होता. बाहेरच्या समुद्रात आता त्याच्यानं जाळं ओढवत नव्हतं. आपली पाळी आली या भरवशावर त्यानं गेल्याच महिन्यात मासेमारीचं होडकं विकून टाकलं होतं. तो म्हणाला, "राघो, माजं होडकं गेलं. मी वरीसभर खाऊ काय?"

राघोच्या डोळ्यांपुढे त्या वेळी फक्त शेवंतीची वरात होती. तो म्हणाला, "ते मला काय सांगतोस? आभाळात बघून तू एक अख्खं वरीस चोरलंस."

"मी चोरलं? तूच एक वरीस गिळलंस!"

आवडी दारात उभी राहून ऐकत होती. बत्तीस वर्षांत तिनं या दोघांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. बोलले नसते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. खजुराचा पुडा ओट्यावर तसाच राहिला.

दुपारपर्यंत उस्माननं नावेला साखळी घालून कुलूप ठोकलं. राघो कमी नव्हता. तो वल्ही खांद्यावर टाकून घरी घेऊन आला. आता एकाकडे नाव होती आणि दुसऱ्याकडे वल्ही होती. दोन्ही काठांवरची माणसं चार कोसांचा वळसा घालू लागली आणि दोघांच्याही नावानं बोटं मोडू लागली.

पाच दिवसांनी गाव धक्क्यावर जमलं. जोशीबुवा पंचांग घेऊन आले. मशिदीतले मुल्लाजी आले. खाडीच्या नाक्यावर सरकारी कारकून होते, तेही डोक्यावर टोपी ठेवून आले. बायका पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. आवडी आणि हलीमा शेजारीशेजारीच होत्या. नवऱ्यांचं भांडण होतं, त्यांचं नव्हतं.

"किती वर्षं झाली?" गावानं जोशीबुवांना विचारलं.

"बत्तीस पुरी. तेहतिसावं लागलं. आता त्याचं असं आहे की आमच्या गणनेत..."

"झालं! बत्तीस!" तांडेलवाडी ओरडली. जोशीबुवांचं पुढचं वाक्य त्या गलक्यात बुडालं.

"मुल्लाजी, तुमी सांगा."

"तेहतीस पुरी झाली. बारा चंद्र झाले की आमचं वर्ष होतं, आणि..."

"झालं! तेहतीस!" मोहल्ला ओरडला. मुल्लाजींचंही पुढचं वाक्य पाण्यात गेलं.

मग कारकून पुढे झाले. ते घसा खाकरून म्हणाले, "तुमच्या देवाधर्माच्या भानगडीत वर्ष सापडायचं नाही. सरकारी साल धरा. एक जानेवारीला सुरू, एकतीस डिसेंबरला बंद. त्यात ना देव, ना धर्म. त्याप्रमाणे बत्तीस."

उस्माननं हात जोडून विचारलं, "रावसाहेब, ह्ये साल मोजायला सुरवात कुठनं केली?"

"येशू ख्रिस्ताच्या जन्मापासून."

"मंग धर्म न्हाय कसा?"

लोक हसले. कारकुनांनी टोपी काढून पुन्हा घातली. "बरं, मग शेतसाऱ्याचं फसली साल धरा. ते निव्वळ पिकाचं. मृग लागला की नवं साल."

"त्येचा आकडा कुनाचा?"

"बादशाहीत हिजरीवरून उचलला होता म्हणतात," कारकून जरा हळू आवाजात बोलले. मग सावरून म्हणाले, "पण त्या सालानंही बत्तीसच होतात!"

झालं. तीन सालांची बत्तीस, एकाची तेहतीस. गावानं सालं मोजली आणि राघो जिंकला. उस्माननं आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "चंद्र खोटं बोलतो व्हय?" मग कमरेची किल्ली काढून राघोच्या पायांशी टाकली. "घे. चोराची किल्ली."

त्या संध्याकाळी राघो धक्क्यावर एकटाच बसला. दुसऱ्या दिवसापासून नाव चालू झाली, माणसं पार होऊ लागली. पण राघोचं वल्हं पाण्याला नुसतं लागायचं. घरी आला की ताटावर बसायचा आणि दोन घास चिवडून उठायचा. लग्न आठ दिवसांवर आलं. शेवंती एकदा आईला म्हणाली, "आये, बाबा असं तोंड करून मला पार करनार असंल, तर मी चालत जाते चार कोस." नवरा नाव जिंकला होता आणि माणूस हरला होता. लेकीच्या लग्नात उस्मान नाही, ही कल्पनाच आवडीला सहन होईना.

लग्नासाठी भांडी घासायची म्हणून आवडी फळीवरची सगळी निरांजनं टोपलीत घालून विहिरीवर घेऊन गेली. चिंच लावून एकेक घासू लागली. हलीमा कळशी घेऊन आली आणि तिच्या शेजारी बसली. तिनंही एक निरांजन हातात घेतलं.

"येवडी कशाला गो ही? किती हाईत?"

"बारा. धोंड्याची ती. दर धोंड्याला माज्या भावाकडनं एक येतं."

"म्हंजे तुजं लगीन झाल्यापास्नं बारा म्हैने आले असले?"

"व्हय, बारा."

"आनि ते म्हैने तुमी मोजता कुठं?"

"मोजत न्हाय. ते जास्तीचे. वर्षाचे म्हैने बाराच धरायचे, धोंडा वरचा."

हलीमा हातातलं निरांजन तसंच धरून बसली. "आमच्यात वरचा म्हैना न्हाय गो. आमी आला चंद्र की मोजतो. म्हनून तर आमचा रमजान फिरत ऱ्हातो. मी लगीन होऊन आले त्या साली पयले रोजे आनि तुमचा गनपती एका आठवड्यात आले हुते. मंग रमजान सरकत सरकत पावसात गेला, उन्हाळ्यात गेला, थंडीत गेला. आनि यंदा बघ, सगळी फेरी मारून परत तुमच्या गनपतीला येनार."

"आस्सं?"

"आवडे, मला एक सांग. बारा म्हैन्यांचं काय होतं?"

"वरीस होतं. दुसरं काय होनार?"

बोलून गेली आणि आवडीचा चिंचेनं घासणारा हात जागीच थांबला. तिनं टोपलीकडे पाहिलं. हलीमानंही पाहिलं. मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आणि मग दोघींना एकाच वेळी हसू फुटलं, आणि हसता हसता दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं.

"चोरलं नव्हतं गो कुनीच," आवडी म्हणाली. "ह्ये काय, माज्याच फळीवर हुतं वरीस."

ती तशीच टोपली उचलून धक्क्यावर गेली. दुपारची वेळ होती. ओहोटी असल्यामुळे नाव चिखलाला टेकली होती आणि राघो तिच्या काठावर पाय सोडून बसला होता. आवडीनं नावेतल्या फळीवर एक निरांजन ठेवलं.

"ह्ये पयल्या धोंड्याचं. त्या म्हैन्यात आभाळात चंद्र उगवला हुता का न्हाय?"

राघोनं तिच्याकडे बघितलं. उन्हानं हिचं डोकं फिरलं की काय, असं त्याला वाटलं. "उगवला हुता."

"तुमी अनारसं खाल्लं का न्हाय?"

"खाल्लं."

तिनं दुसरं ठेवलं. "ह्ये दुसऱ्याचं. चंद्र उगवला हुता?"

"व्हय."

"अनारसं खाल्लं?"

"अगो, खाल्लं. सगळं खाल्लं. पुढं बोल."

आवडीनं एकेक करून बाराही निरांजनं फळीवर मांडली. पुढच्या 'शके १८००'पासून मागच्या 'हिजरी १२९५'पर्यंत रांग लागली. मग ती म्हणाली, "बारा चंद्र झाले ह्ये. तुमी कुठल्या वर्षात घातलेत?"

"कुठल्याच न्हाय. ते जास्तीचे."

"जास्तीचे तुमच्या पंचांगात. उस्मानभावजींच्या आभाळात जास्तीचं काय नसतं. त्यांनी ते धरले, तुमी ते सोडले. त्या बारा म्हैन्यांचंच वरीस झालं, अवो. चंद्र तुमी दोघांनी सारखेच बघितलेत. ह्याच धक्क्यावर बसून बघितलेत."

राघो निरांजनांकडे बघत राहिला. पहिल्या निरांजनापासून शेवटच्या निरांजनापर्यंत त्याचे डोळे दोनदा गेले आणि परत आले. त्याच्या ओठांवर 'चोरलंस' हा शब्द आला असावा, कारण त्यानं हातानं तोंड पुसलं. मग तो उठला. त्यानं कुलपाची किल्ली कमरेला लावली, दोन्ही वल्ही खांद्यावर टाकली आणि मोहल्ल्याची वाट धरली. आवडी त्याच्या मागून चालू लागली. टोपली तिनं नावेतच ठेवली.

उस्मान ओट्यावर फाटकं जाळं विणत बसला होता. होडकं विकलेल्या माणसाला जाळं कशाला हवं होतं, देव जाणे. हाताला चाळा हवा म्हणून विणत असेल. राघोनं वल्ही त्याच्या पुढ्यात ठेवली, वर किल्ली ठेवली.

"उस्मान, वरीस तू चोरलं न्हाईस. मी खाल्लं. धोंड्याला तीस-तीस अनारसं करत करत अख्खं खाऊन टाकलं."

उस्माननं जाळं बाजूला ठेवलं. हलीमा दाराआड उभी होती. तिनं त्याला सगळं आधीच सांगितलं असणार, कारण त्यानं काहीच विचारलं नाही. तो म्हणाला, "तीन-तीन मी बी खाल्लं."

राघो मटकन त्याच्याशेजारी बसला. दोघं पूर्वीसारखे काही न बोलता बसले. आवडीनं पदर तोंडाला लावला आणि देवाचं नाव घेतलं. कुठल्या देवाचं घेतलं, ते तिचं तिला ठाऊक.

पण गोष्ट इथं संपली असती तर ते दोघे कोकणातले कसले? थोड्याच वेळात पुन्हा आवाज चढले.

"नाव तुजी. तेहतीस पुरी झाली," राघो म्हणाला.

"माज्या मोजनीनं झाली. तुज्या मोजनीनं एक बाकी हाय. तुजी मोजनी खोटी हाय का? नाव तू ठेव."

"मी न्हाय ठेवायचा. तू होडकं विकलंस."

"मी न्हाय घ्यायचा. तुजी लेक पार व्हायची हाय."

"घे म्हंतो ना!"

"न्हाय म्हंतो ना!"

हलीमा बाहेर आली. "आवडे, ह्ये तर पयल्या भांडनाहून वाईट."

आवडी कमरेवर हात ठेवून पुढे झाली. "गप बसा दोघं. ह्ये वरीस राघो तांडेलाचं बी न्हाय, उस्मान नाखव्याचं बी न्हाय. ह्ये वरचं वरीस. धोंड्याच्या म्हैन्यावानी धोंड्याचं वरीस. ते कुनाच्याच पाळीत मोजायचं न्हाय. वर्षभर दोघांनी मिळून नाव चालवायची. येईल ते निम्मंनिम्मं. पुढच्या पाडव्याला उस्मानभावजींची पाळी सुरू. मान्य हाय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मान्य न करायला दोघांपाशी काही कारण उरलं नव्हतं. उस्मान म्हणाला, "वयनी, तू त्या दिवशी धक्क्यावर का बोलली न्हाईस?"

"त्या दिवशी तुमी सगळ्यांनी किती ते इचारलं. कसं ते इचारलं असतंत, तर जोशीबुवांनीच सांगितलं असतं."

हे खरंच होतं. गावात बातमी पसरली तेव्हा जोशीबुवा म्हणाले, "मी तेच सांगत होतो!" मुल्लाजी म्हणाले, "मीही तेच सांगत होतो!" कारकुनांनी नुसती टोपी काढून पुन्हा घातली. जोशीबुवांनी मात्र एक शंका काढली. "आवडाबाई, धोंड्यात लग्न होत नाही हो. तुमच्या धोंड्याच्या वर्षात शेवंतीचं कसं करणार?" आवडी म्हणाली, "म्हैन्याला होत न्हाय, बुवा. वर्षाला होतं." आणि जोशीबुवांनी पंचांग मिटून ठेवलं.

वैशाखात शेवंतीची वरात निघाली. पुढच्या फळीजवळ उस्मान डाव्या बाजूचं वल्हं घेऊन बसला, कारण डाव्या बाजूनं ओढलं की त्याचा उजवा खांदा दुखत नव्हता. मागच्या फळीजवळ राघो बसला. म्हणजे 'शके'पाशी उस्मान आणि 'हिजरी'पाशी राघो. ही अदलाबदल कुणी मुद्दाम केली नव्हती. मधल्या फळीवर बारा निरांजनं पेटवून ठेवली होती आणि त्यांच्यामध्ये शेवंती बसली होती.

नाव अर्ध्या खाडीत आली तेव्हा हलीमानं फडक्यात बांधलेला एक डबा काढला. आवडीला विचारून विचारून तिनं पहिल्यांदाच अनारसे केले होते. काही तुपात पसरले होते, काही करपले होते. तिनं ते मोजून आणले होते, तेहतीस. उस्माननं वल्हं गुडघ्यावर टेकवलं, डबा घेतला आणि राघोपुढे धरला.

"तीस तुजे," तो म्हणाला, "तीन माजे."

राघो पाठीमागं बसला होता तरी या वेळी त्याचं रडणं सगळ्यांनी पाहिलं, आणि त्यालाही ते लपवावंसं वाटलं नाही. शेवंतीनं वाकून सगळ्यात करपलेला अनारसा उचलला आणि बापाच्या तोंडात घातला. मग दोघांनी वल्ही पाण्यात टाकली आणि नाव पलीकडच्या काठाला लागली.

तात्पर्य: समोरच्याचा आकडा आपल्याशी जुळला नाही म्हणून त्याला खोटा म्हणू नये. तो कशानं मोजतो, ते आधी विचारावं. मापं माणसांनी केलेली असतात आणि ती वेगवेगळी असायचीच, पण ज्याच्या शेजारी बसून आपण तेच चंद्र पाहिले, तो माणूस एखाद्या वर्षासाठी घालवू नये.